कोळ्याच्या धीराला पुरावा

विश्वाचं कोडं उलगडावं तर कवीने आणि शास्त्रज्ञानेच. आमच्या घरात दोघंही नांदतात आणि मोरीचा नळ अजून गळतोय.

बायको कोळ्यांची, म्हणजे आठ पायांच्या कोळ्यांची, अभ्यासक. तिने निवृत्तीच्या दिवशी तरी माझी एक कविता शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच माझी इच्छा होती. एरवी दुसऱ्या ओळीला तिला कुकर आठवतो. म्हणून निरोप समारंभासाठी मी कोळ्यावरच कविता लिहिली आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या तिच्या साहेबांकडे पाठवली.

तिथेच माती खाल्ली. तिच्या प्रयोगशाळेत तिघांनी तपासल्याशिवाय कुठलाच मजकूर पुढे सरकत नाही. कविताही तपासायला गेली.

‘रात्रभर धीराने विणतो कोळी’ या ओळीवर साहेबांनी विचारलं होतं, कोणत्या जातीचा? दुसऱ्या बाईंचं म्हणणं, असं गोल जाळं मोठेपणी बहुधा मादीच विणते आणि तासाभरात उरकते, रात्रभर कशाला? तिसरा बायकोचा विद्यार्थी, ज्याला सगळे भिंग म्हणतात. त्याने ‘धीराने’खाली लाल रेघ मारली होती : धीर कसा मोजला?

मी साहेबांना फोन करून सांगितलं की ही कविता आहे. ते समजुतीने म्हणाले, कळलं, म्हणूनच आलेख मागितला नाही.

झक मारत सुधारणा केल्या. ‘काही जातींची मादी, बहुधा, तासाभरात विणते’ ही ओळ मी चालीत म्हणून पाहिली. घसा बसला. कविता मंजूर झाली.

समारंभात मात्र माझं डोकं फिरलं. मंजूर कागद खिशात कोंबला आणि मूळ कविता काढली. साहेबांनी कपाळाला हात लावला. भिंग काहीतरी टिपून घेऊ लागला.

बायको पहिल्या रांगेत. दुसरी ओळ झाली, चौथी झाली, ती हलली नाही. नजर माझ्यावर खिळलेली, पापणी लवत नव्हती. मी ओळी आणखी सावकाश म्हणू लागलो. फक्त शेवटची ओळ उरली होती, तेवढ्यात ती उठून हळूच जवळ आली.

“अहो, हलू नका,” ती कुजबुजली. “तुमच्या कॉलरवर कोळी आहे. ही जात मी आजवर पाहिलेली नाही. तो कागद द्या जरा, त्यावर घेते त्याला.”