चुंबकाची साक्ष

करूरच्या आमच्या कारखान्यात बसच्या दाराची दांडी बसवायची ती पोलादी पॉप रिव्हेटनेच. अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट दिसायला गोंडस, पण माणसाचा भार पडला की दगा देतो. म्हणून मी प्रत्येक रिव्हेटला चुंबक लावून बघतो. चिकटलं की पास.

चार वर्षांपूर्वी मी पास केलेली एक दांडी निखळली आणि क्लीनर दुरैसामी चालत्या बसमधून पडून मेला. "पिऊन लोंबकळत होता," असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. मी सगळ्यांत मोठ्याने. तेव्हापासून रिकाम्या बसमध्ये चढलो की पाठीमागून त्याचा आवाज येतो, "अण्णा, धरलंय मी, जाऊ द्या!" भर दुपारी येतो. हसण्यावारी नेऊन बघितलं. येतोच.

परवा नवी बस राहूकाळाआधी बाहेर काढायची होती. चाकांखाली लिंबंही ठेवून झाली होती. मी नेहमीसारखा दांडीला लोंबकळलो, तर दांडी किंचित हलली.

"रक्कियप्पाण्णा, चुंबक चिकटतंय की!" फिटर वळर्मती म्हणाली. "वय झालं तुमचं, हात थरथरतात."

"तुझी जीभ थरथरत नाही, तेवढं बरं आहे. ड्रिल आण."

रिव्हेट काढला. बसवताना ओढून तुटलेल्या खिळ्याचा तुकडा त्याच्या पोटात राहतोच, तो पंचने ठोकून पाडला. चुंबक त्या तुकड्याला चटकन चिकटलं. मग रिव्हेटच्या उरलेल्या रिकाम्या नळीवर टेकवून उचललं, तर नळी जमिनीवर तशीच.

खिळा पोलादी, अंग अ‍ॅल्युमिनियमचं. चार वर्षांपूर्वीही चुंबक आतल्या खिळ्यालाच चिकटलं होतं. दुरैसामीने दांडी नीट धरली होती.

बाहेर मालक ओरडत होता. मी सरळ मागच्या शेडमध्ये गेलो. दुरैसामीची बायको पोन्नुत्तायी तिथे सीटची कव्हरं शिवते.

"पोन्नुत्तायी, तो प्यायला नव्हता गं. रिव्हेट चुकीचे होते. मी पास केले होते."

तिने मशीन थांबवलं नाही. "मला काय सांगता अण्णा? पळनीच्या देवाच्या व्रताची माळ होती त्याच्या गळ्यात. माळ घातलेला माणूस दारूला शिवतो का? तुम्हा सगळ्यांना दिसत होती ती."

तिने शिवण संपवली, दोरा दातांनी तोडला आणि उठली.

"घरी चला. माझ्या लेकीला सांगा. चार वर्षं तिने बापाचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलाय."