दाट पाणी

“शेवंतेऽऽ, व्हाळाक पाणी इला गो! कळशी घेऊन धाव!”

आईची हाक. गावच्या ओढ्याकडून यायची, पाण्यासारखीच उड्या मारत. घाटकोपरच्या खोलीत नळाखाली पेला धरला की सुलक्षणाच्या कानात अजून ती वाजते. आई गेली, आणि त्या नावाने बोलावणारं कुणी उरलं नाही. लग्नात गुणाजींनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं, जुनं तिथेच राहिलं. पुढे तेही नुसतं ‘अगो’ म्हणत राहिले. आपल्याला ते जुनं हवंय, असं तिनेही कधी म्हटलं नाही.

तिने पेल्यात पावडर ढवळली. अर्धांगाचा झटका आल्यापासून गुणाजींना साधं पाणी बंद. पातळ पाणी श्वासनळीत जातं, म्हणून पेजेसारखं दाट करून चमच्याने द्यायचं. त्यांचे शब्दही तसेच, घशात दाटून बसलेले.

गुणाजी नळाच्या धारेकडे बघत राहिले.

“असे बघू नका हो. मला काय द्यावंसं वाटत नाही? गिळा.”

तेवढ्यात त्यांना बोलतं करायला येणारी दर्शना आली. “काय काका, आज पण गप्प? काकू, तुम्ही काहीतरी गा ना. चालीवर शब्द सुटतात कधी कधी. शेवटी तुमचं नाव येऊ दे, ते काका घेतील.”

“लग्नात घेतलं नाही, ते आता घेतायत!”

तरी तिने जात्यावरची चाल धरली.

“डोईवर घागर, वाट गं ओली झाली,
पाण्यावरनं आली, कोण गं ही...”

ती थांबली. गुणाजींचे ओठ हलले.

“शे...”

“सु, काका. सु...”

त्यांनी मान हलवली. आणि दगडाला अडलेलं पाणी बाजूने वाट काढतं तसं, “शेवंती.”

“वा! बोललात की! पण नाव चुकलं. परत म्हणूया. सुलक्षणा.”

सुलक्षणाच्या हातातला पेला कलला. दाट पाणी सावकाश काठाशी आलं आणि तिथेच थबकलं. म्हणजे इतकी वर्षं या माणसाने ते जपलं होतं?

“सु... म्हणा काका.”

“नको गं,” सुलक्षणा म्हणाली. “चुकले नाहीत ते. माझंच नाव. आईने ठेवलेलं.” मग ती गुणाजींकडे वळली. “परत हाक मारा. कधी बोलले नाही, पण लग्नापासून ह्याच हाकेची वाट बघतेय मी.”