लेबल झाकून

त्या गुरुवारी बाबा संग्रहालयाच्या तळघरात नेहमीसारखे स्टुलावर बसले होते. समोर डोंगरी झेब्र्यांच्या दोन कवट्या, हातात मापं घ्यायचा कॅलिपर, चष्मा कपाळावर. मला बघून म्हणाले, "ये चिमणे. आधी चहा की आधी वाईट बातमी? तोंड बघूनच कळतंय."

वाईट बातमी माझ्या पिशवीत होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा डोंगरी झेब्रा आणि तिथून वायव्येकडचा, या दोन वेगळ्या प्रजाती आहेत, असं बाबा तीस वर्षं सांगत आले होते. मी प्रयोगशाळेत दोघांचे डीएनए तपासले होते. फरक होता, पण वेगळी प्रजाती म्हणण्याइतका नव्हता. प्रजाती एकच, उपप्रजाती दोन.

मी कागद पुढे ठेवले आणि कपाटांकडे बघत राहिले. त्यांनी सावकाश वाचलं आणि एकच विचारलं, "लेबलं झाकली होतीस?"

"हो. शेवटचा आकडा येईपर्यंत."

"मग झालं. मापं खरी होती, मीच त्यांच्याकडून जास्त वदवून घेतलं."

आठ वर्षांची असताना सुट्टीत मी याच खोलीत लेबलांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायचे. कवटी कुठली आहे हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. "कळलं की हात आपल्याला हवा तोच आकडा काढतो," ते सांगायचे. मला कंटाळा यायचा.

त्यांनी पेन्सिल घेऊन कवटीच्या पहिल्या डब्यावरच्या लेबलात 'प्रजाती'च्या आधी 'उप' लिहिलं. "दोन अक्षरांसाठी तीस वर्षं. आईला सांगू नकोस, म्हणेल मी आधीच सांगितलं होतं."

"आईला काय कळतं झेब्र्यातलं?"

"काही नाही. तरी म्हणेल."

आम्ही हसलो. "अर्धे डबे आज करतो, उरलेले सोमवारी," ते म्हणाले. मी "येते" म्हणून निघाले. रविवारी सकाळी दाढी करताना ते कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

महिन्याभराने त्यांच्या सहकारी बाईंचा फोन आला. "उरलेल्या डब्यांवर कोणी लिहायचं? मला वाटलं, तुम्हीच लिहावं." मी गेले. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं आणि दार लोटून घेतलं.

एकोणीस डबे होते. ती दोन अक्षरं लिहिताना एकदाही मला आपण जिंकलो असं वाटलं नाही. शेवटच्या डब्यात कवटीशेजारी पिवळी पडलेली एक पट्टी होती, कात्रीने वेडीवाकडी कापलेली. माझीच. मोजून झाल्यावर त्यांनी ती काढली होती आणि टाकली नव्हती.

मी झाकण लावलं. खोलीत कोणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हणाले, "बाबा, वरातीमागून घोडं आहे, तरी ऐका. तुमची चूक मला दिसली, ती तुम्हीच दिलेल्या नजरेनं. थँक्यू. हे मी तुम्हाला कधी म्हटलंच नव्हतं."