शेवटचा हात

धाकटा गेल्यावर आईने ताईकडे एकच गोष्ट मागितली.

"जन्मभर लिहीत बसायचा ना गं तो? त्यातलं एक पान मला वाचून दाखव."

आईची नजर गेली होती, आणि धाकट्याने घरात कधी साधी चिठ्ठीही लिहून ठेवली नव्हती. त्याचं सगळं लिहिणं ऑफिसात, भाषांतराच्या कंपनीत. कपडे धुण्याच्या यंत्रांची नाहीतर ताप मोजायच्या यंत्रांची माहितीपत्रकं. तो भाषांतर करी आणि त्याच कंपनीत तपासनीस असलेली ताई त्यावर शेवटचा हात फिरवी.

"उद्याच आणते," ताई म्हणाली. तिला हा हातचा मळ वाटला. कंपनीचं सॉफ्टवेअर प्रत्येक वाक्य भाषांतरकाराच्या नावासकट जपून ठेवतं, मग अडचण कसली?

दुसऱ्या दिवशी तिने शोधाच्या चौकटीत भावाचं नाव घातलं. एकही वाक्य आलं नाही. मग तिने ॲडव्हान्स्ड सर्च उघडला. तारीख पार तो नोकरीला लागला तिथपर्यंत मागे नेली, सगळी गिऱ्हाइकं घेतली, मंजूर-नामंजूर दोन्हींवर खूण केली. शेवटी 'बंद केलेली वाक्येही दाखवा' हा कोपऱ्यातला पर्याय सापडला, आणि पडदा भरला. ताईचा जीव भांड्यात पडला. पण पाहते तर काय, नुसते सुट्या भागांचे क्रमांक, व्होल्टचे आकडे, पानांचे नंबर. धड वाक्य औषधालाही नाही.

तिने सिस्टिमवाल्याला बोलावलं. तो शेजारी खुर्ची ओढून बसला.

"शोध बरोबर आहे, ताई. वाक्य शेवटी जो पक्कं करतो, त्याचंच नाव राहतं. आकडे बदलायचे नसतात, म्हणून ते बंद ठेवलेले असतात. ते तुम्ही कधी उघडले नाहीत, म्हणून त्याच्या नावावर उरले."

"आणि मी बदलायच्या आधीचं?"

"जागा खातं म्हणून आपण जुनं ठेवत नाही. त्याचा कॉम्प्युटरही कोरा करून दुसऱ्याला दिलाय."

तो मान खाली घालून उठून गेला. ताई तशीच बसून राहिली. खरं तर धाकट्याची वाक्यं सरळ आणि नेटकी असत. पण काहीच दुरुस्ती न करणारी तपासनीस फुकटचा पगार खाते, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणून चांगल्या वाक्यातही ती एखादा शब्द इकडचा तिकडे करायची. "ताई, तू वरून मीठ घातल्याशिवाय ताट पुढे सरकवत नाहीस," असं तो हसून म्हणायचा. पुढे पुढे त्याने म्हणणं सोडलं. याचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता, आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने स्वतःचं नाव घालून शोधलं. वाक्यांचा ढीगच आला. त्यातलं धाकट्याने केलेलं एक माहितीपत्रक निवडून ती आपले शब्द काढून त्याचे परत बसवायला लागली. पण त्याचे कोणते होते? प्रत्येक वाक्य तिच्या डोळ्यांखालून गेलेलं, तरी त्याचं एकही जसंच्या तसं तिला आठवेना. अखेर होतं तसंच पान छापून ती घरी गेली.

आई खुर्चीत ताठ बसली, हात मांडीवर ठेवून. ताईने वाचायला सुरुवात केली. "बाळ झोपलेले असल्यास त्याला मुद्दाम जागे करू नये. यंत्र अलगद कपाळाजवळ न्यावे आणि आवाज होईपर्यंत धीराने थांबावे."

पान संपेपर्यंत आई हलली नाही.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली.

"मी नाही, आई. त्यानं लिहिलंय."

आईने चाचपडत ताईचा हात शोधला आणि थोपटला.

"बरं. पण त्याचं काही सापडलं, तर आण हं."