घरात आणखी कोणी?

वाळूच्या ताटात बबडीने बोटाने ‘भ’ काढला, तोंडाने ‘भ’ म्हणाली आणि लगेच तळव्याने पुसून टाकला.

“का गं पुसलास? बरोबर होता की,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

बबडीने चोरट्या नजरेने आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली.

आई छापखान्यात मुद्रितं तपासायची. हजार ओळींत एखादी वेलांटी चुकली तरी तिच्या डोळ्यांना खुपायची, आणि पोटची पोर तिसरीत गेली तरी ‘घर’ आणि ‘धर’मध्ये अडखळत होती. आधी तिला तो आळस वाटला. मग डोळे तपासून झाले, कान तपासून झाले, दोन्ही ठणठणीत. शेवटी शाळेनेच या बाईंचा पत्ता दिला.

“डिस्लेक्सियावर औषधगोळी नाही,” बाई म्हणाल्या. “पोर हुशार आहे. अक्षर आणि आवाज यांची सांगड तिला सहज घालता येत नाही, एवढंच. कान, डोळे, हात, तिन्हींनी रोज थोडं थोडं घटवून घ्यायचं. वेळ लागेल.” त्यांनी कागद पुढे ओढला. “बऱ्याचदा हे घराण्यातच असतं. तुमच्या घरात आणखी कोणाला वाचायला जड जायचं?”

“छे! आमच्याकडे सगळे शिकलेले.”

घरी भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला. सगळे? दादा सातवीतच शाळा सोडून सुतारकामाला लागला होता. वडील त्याला ‘दगड’ म्हणायचे, पुस्तक समोर ठेवून झोडपायचे. आणि चार वर्षांनी धाकटी असलेली ती, त्याचाच धडा घडाघडा वाचून शाबासकी मिळवायची.

तिने फोन लावला. पलीकडे रंधा चालू होता.

“दादा, एक विचारू? शाळेत वाचताना तुला काय व्हायचं रे?”

रंधा थांबला.

“तीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारतंय,” तो हसला, पण ते हसू पुढे सरकलं नाही. “शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटायची. घामाघूम व्हायचो. पण का गं?”

तिने बबडीचं सगळं सांगितलं.

“मारत नाहीस ना तिला?”

‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं.

“दोनदा मारलं, दादा.”

आता हा फोन ठेवणार, असं तिला वाटलं.

“तिला दे,” तो म्हणाला.

बबडी फोन घेऊन गॅलरीत गेली. आधी नुसतं ‘हं, हं’ चाललं होतं. मग बारीक आवाजात तिने विचारलं, “तुला पण, मामा?” आणि त्यानंतर पोर जी सुटली! आईला कधीच न सांगितलेलं काय काय ती भडाभडा सांगत होती.

आत सगळं ऐकू येत होतं. आईने हात पुसले आणि गॅलरीचं दार आवाज न करता लोटून घेतलं.