मोठी गौर रडते, धाकटी का नाही?

करोल बागेतल्या त्या गल्लीला रांगांचं काही अप्रूप नाही. छोले-भटुऱ्यांसाठी लागते, सेलसाठी लागते, फोनची फुटलेली काच बदलायलासुद्धा लागते. पण त्या ऑगस्टमध्ये जी रांग लागली, ती चक्क संग्रहालयासाठी होती. मराठी मंडळाच्या दुसऱ्या मजल्यावरून निघालेली रांग जिना उतरून, चपलांच्या ढिगाला वळसा घालून, गाड्यांची सीट-कव्हरं विकणाऱ्या दुकानापर्यंत पोचली होती. तो पंजाबी दुकानदारही गिऱ्हाईक सोडून हात जोडून रांगेत उभा होता. वर माता रडते आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

आणि माता रडत होती, हे काही खोटं नव्हतं. संग्रहालयाच्या खोलीत पार्वतीकाकूंच्या दोन गौरी शेजारी शेजारी उभ्या होत्या, थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा. थोरलीच्या पितळी गालांवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. हनुवटीशी थेंब जमायचा, लोंबकळायचा आणि खालच्या ताम्हनात टपकायचा. थेंब पडला की बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि पुरुष मोबाइल उंच धरायचे. धाकटी मात्र कोरड्या डोळ्यांनी समोर बघत होती, जणू बहिणीचं हे रोजचंच आहे.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चंद्रप्रभाबाई सबनीस ही सगळी शोभा बघत होत्या. संग्रहालय कागदोपत्री मंडळाचं, पण जळमटं काढण्यापासून पाट्या लिहिण्यापर्यंत सगळं यांचंच. उभी नोकरी त्यांनी हवामान खात्यात तापमान आणि दमटपणा मोजण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर, बदलीवर दिल्लीत येऊन इथेच मुरलेल्या मराठी घरांतल्या वस्तू जमवायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. नावं रंगवलेल्या पत्र्याच्या ट्रंका, पहाडगंजच्या मराठी शाळेतले फोटो, नागपूरहून मांडीवर धरून आणलेलं पुरणयंत्र, असा त्यांचा खजिना. दर महिन्याला एखादा कार्यक्रम व्हायचा. जुन्या फोटोंतली माणसं ओळखायची सभा व्हायची, मोडी वाचायचा वर्ग व्हायचा. पाच-सात माणसं यायची, त्यांतली एक-दोन बाथरूम कुठे आहे हे विचारायला. तरी बाई खूश असायच्या.

या वेळी त्यांनी ‘दिल्लीतल्या गौरी’ असं प्रदर्शन मांडलं होतं. घरोघरचे मुखवटे आले होते, पण पूर्ण नटवलेली जोडी एकच, फरीदाबादच्या पार्वतीकाकूंची. काकू ऐंशीच्या घरातल्या. नवरा गेलेला, मुलगा कॅनडात, गुडघे रुसलेले, त्यामुळे गौरी कित्येक वर्षं पेटीत पडून होत्या. निदान चार माणसं बघतील म्हणून त्यांनी दिल्या. पत्र्याच्या पोकळ कोठ्या, म्हणजे गौरींची धडं, त्यांना साड्या नेसवल्या आणि वर तितकेच पोकळ पितळी मुखवटे बसवले. सण अजून लांब होता. ही नुसती मांडणी होती, पूजा नव्हे, आणि तशी पाटीही बाईंनी स्वच्छ अक्षरात लावली होती.

पाटी वाचतो कोण? प्रदर्शन सुरू झालं आणि लगेच सूर्यकांतनाथ महाराज अवतरले. नोएडातल्या एका उंच इमारतीत यांचा आश्रम, अंगावर भगवं रेशीम, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. गौरींसमोर डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले की देवी आपणहून इथे बसली आहे, तिची ओटी भरली पाहिजे. ओटी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? शिष्य अविनाश भलीमोठी पिशवी घेऊन आला, पडदा ओढला गेला, मंत्र झाले, पडदा सरला. थोड्याच वेळात थोरलीचे डोळे पाणावले.

मग काय, आधीच मर्कट त्यात मद्य प्याला. महाराजांनी फर्मानं सोडली. ओटी रोज सकाळी पडद्याआड अविनाशच भरणार. देवीला हात कोणी लावायचा नाही, बसलेली देवी हलवली तर अनर्थ होतो. आणि एसी बंद, कारण कृत्रिम वारा देवीला सोसत नाही. खिडक्या सताड उघडल्या गेल्या. दिल्लीचा ऑगस्ट तुम्हाला ठाऊक असेल तर काय झालं असेल ते सांगायला नको. माणसं भाजीसारखी वाफवून निघत होती आणि त्यालाच देवीचं तेज म्हणत होती.

“माई, हे पाणी नाही, एनर्जी आहे, प्युअर एनर्जी,” महाराज चंद्रप्रभाबाईंना समजावत. “तुमचं सायन्स जिथे संपतं ना, वहाँ से हमारी दुसरी मंज़िल शुरू होते.”

“दुसऱ्या मजल्यावर तर आम्हीही आहोत,” बाई म्हणाल्या. महाराजांनी ते ऐकलंच नाही.

इथवर गंमत होती. पण मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब एका संध्याकाळी घसा खाकरत जवळ आले, तेव्हा गंमत संपली. भाऊसाहेब मंत्रालयातून निवृत्त झाले होते, पण फायलीची भाषा काही निवृत्त झाली नव्हती. त्यांनी सांगितलं की एक प्रपोजल आलं आहे. या खोलीत देवीचं कायमचं ठाणं करायचं, व्यवस्था महाराज बघतील, संग्रहालयाच्या वस्तू तूर्त ट्रंकांत भरून गच्चीवरच्या शेडमध्ये ठेवायच्या. रविवारच्या सभेत अप्रूव्हल घेऊन टाकू. तुमच्या इतक्या वर्षांच्या कार्यक्रमांना जेवढी माणसं आली नाहीत तेवढी इथे एका दिवसात येतात, हेही त्यांनी सौम्यपणे ऐकवलं.  सरकारातलं ‘तूर्त’ म्हणजे काय असतं हे चंद्रप्रभाबाई जन्मभर बघत आल्या होत्या. आणि गर्दीचा मुद्दा खरा होता, म्हणून तो जास्त लागला.

लबाडी आहे याची त्यांना खात्री होती, पण खात्रीने सभा जिंकता येत नाही. गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीच्या अलीकडून त्यांनी थोरलीला निरखून घेतलं. पाणी फक्त डोळ्यांतून येत नव्हतं. कपाळावरही बारीक थेंब होते, नाकाच्या शेंड्यावर होते, कानाच्या पाळीवरसुद्धा होते. ते भुवयांच्या खोबणीत जमून डोळ्यांतून खाली यायचे, एवढंच. कानाने कोण रडतं, असा प्रश्न त्यांना पडला.

उत्तराचा धागा दिला पार्वतीकाकूंनी. शनिवारी काकू टॅक्सी करून आल्या. आपल्या गौरी रडताहेत हे ऐकून त्यांना राहवलं नव्हतं. गौरींच्या मालकीणबाईंना हळदीकुंकू लावू न देण्याची महाराजांची छाती झाली नाही. काकूंनी आधी धाकटीला बोट लावलं, मग थोरलीला, आणि त्या दचकल्या. बाहेर आल्यावर चंद्रप्रभाबाईंचा हात धरून त्यांनी सांगितलं की धाकटीचं कपाळ नेहमीसारखं आहे, पण थोरलीचं बर्फासारखं गार पडलं आहे. हे गेले त्या दिवशी यांच्या कपाळाला हात लावला होता, तेव्हा असंच गार होतं. थोरली आपल्याला सोडून तर जात नाही ना?

चंद्रप्रभाबाईंनी काकूंना घट्ट जवळ घेतलं. एकीकडे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसरीकडे डोक्यात लख्ख उजेड पडला. एकाच खोलीतलं एकच पितळ, मग एक बहीण गार कशी आणि दुसरी कोमट कशी? त्यांनी काकूंना खालच्या उपाहारगृहात नेलं, चहा पाजला आणि हळू आवाजात बरंच काही सांगितलं. काकू ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की उद्याच्या सभेला अक्षता तू आणशील की मी आणू?

रविवारी खोली खचाखच भरली. भाऊसाहेब प्रस्ताव वाचणार तोच चंद्रप्रभाबाई उठल्या. त्यांनी स्टीलचे दोन पेले गौरींसमोर ठेवले. एकात साधं पाणी ओतलं, दुसऱ्यात बर्फ टाकून.  सगळे बघत राहिले. साधा पेला होता तसा राहिला. बर्फाचा पेला आधी धुरकटला, मग त्याच्यावर थेंब फुटले आणि बघता बघता ओघळ लागले. मागून कुणीतरी म्हणालं, “अरे यार, हा पण रडायला लागला.”

हशा पिकला. महाराज मात्र कसलेले गडी. त्यांनी हसणाऱ्यांकडे करुणेने पाहिलं आणि म्हणाले की पेल्याला घाम येतो, देवीला करुणा येते, फर्क समझो. पेल्यात बर्फ आहे हे सगळ्यांनी पाहिलं, देवीत बर्फ आहे हे कोणी पाहिलं आहे का?

“तेच तर बघायचंय,” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

एकदम कुजबुज उठली. बसलेली देवी हलवायची? भाऊसाहेबांनी हात वर करून सांगितलं की असलं काही चालणार नाही, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे. महाराजांच्या चेहऱ्यावर हसू परतलं.

तेव्हा पुढच्या खुर्चीवरून पार्वतीकाकू गुडघ्यावर हात टेकत उठल्या. गर्दीने आपोआप वाट दिली.

“भाऊसाहेब, गौरी माझ्या आहेत. सासूबाईंनी दिल्या मला,” त्या म्हणाल्या. “आणि बसलेली गौर हलवत नाहीत हे खरं. पण बसलेली गौर उठवायची रीत आहे की नाही? दरवर्षी तिसऱ्या दिवशी तुमच्या घरी काय करतात?”

सगळ्या बायकांच्या माना हलल्या. रीत होतीच. अक्षता टाकायच्या, परत ये म्हणायचं, मुखवटा हलवायचा, की देवी गेली आणि उरलं ते पितळ. महाराज घाईघाईने मुहूर्ताचं काही सांगू लागले, राहुकाल म्हणाले, अनर्थ म्हणाले. एरवी अर्ध्यामुर्ध्या मराठीत आशीर्वाद देणारे महाराज आता नुसतं “माताजी, माताजी, रुकिए तो” म्हणत मध्ये आले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चंद्रप्रभाबाईंनी पुढे केलेल्या वाटीतल्या अक्षता दोघी गौरींच्या मस्तकावर टाकल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, “पुनरागमनाय च. पुन्हा या बायांनो, आणि नीट माझ्या हातांनी बसा.”

मग त्यांनी थोरलीचा मुखवटा दोन्ही हातांनी उचलला.

मुखवट्याच्या पोकळीतून लाल खणात गुंडाळलेलं काहीतरी धप्पकन ताम्हनात पडलं. खण सुटला. आत निळ्या जेलच्या गोठवलेल्या पिशव्या होत्या, घरपोच आइस्क्रीमच्या डब्यातून येतात ना, तशाच. वरच्या पिशवीवर ठळक छापलेलं होतं: ‘इसे खाएँ नहीं’. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग त्या खोलीत जो हशा उसळला तो खाली सीट-कव्हरवाल्यालाही ऐकू गेला असेल. महाराज “लीला, लीला” असं पुटपुटत दाराकडे सरकले. शिष्य त्यांच्याही आधी जिना उतरला होता. महाराजांची रेशमी चप्पल ढिगात सापडेना, तेव्हा ते अनवाणीच गेले. देवीचा कोप म्हणावा तर हाच.

हसू ओसरल्यावर चंद्रप्रभाबाईंनी सोप्या शब्दांत सगळं उलगडून सांगितलं. पावसाळ्यात दिल्लीच्या हवेत पुष्कळ वाफ असते. ती थंडगार वस्तूला टेकली की तिचं पाणी होतं. बर्फाच्या पेल्यावर जे झालं, तेच थोरलीच्या गालावर. धाकटीत बर्फ नव्हता, म्हणून ती रडली नाही. आणि एसी देवीला सोसत नव्हता असं नाही, तो महाराजांना परवडत नव्हता, कारण एसीने हवा कोरडी होते आणि आसवं आटतात. हवं तर दोन बर्फाचे पेले घ्या, एक एसीच्या खोलीत ठेवा, एक गॅलरीत, आणि स्वतःच बघा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, असंही त्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांनी हातातला प्रस्ताव घडी करून खिशात घातला. मग सगळ्यांसमोर म्हणाले की चूक झाली, खोली संग्रहालयाचीच राहील. आणि स्वतः उठून त्यांनी एसी लावला. टाळ्या एसीसाठी पडल्या की निर्णयासाठी, ते सांगणं कठीण आहे.

खोली रिकामी झाल्यावर दोघीच उरल्या. पार्वतीकाकू थोरलीचा मुखवटा मांडीवर घेऊन पदराने पुसत होत्या.

“खरं सांगू, चंदा?” त्या म्हणाल्या. “लबाडी होती ते बरं झालं उघडं पडलं. पण तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं ना, तेव्हा वाटलं होतं, आपल्यासाठीही कुणीतरी रडतंय.”

हवामान खात्यात याचं उत्तर शिकवत नाहीत. चंद्रप्रभाबाई काकूंच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या की पितळेला कशाला त्रास द्यायचा, माणसं आहोत की आम्ही. सण आला की गौरी इथेच बसवू, तुमच्याच हातांनी. ज्याला यायचं तो येईल. बर्फाचे पेलेही मांडू, पोरांना बोटं लावून बघू दे. काकू हसल्या आणि विचारू लागल्या की एवढ्या माणसांच्या पुरणाची डाळ शिजवणार कोण?

सणाला गर्दी झाली. रांग नव्हे, गर्दी: पोरं, पुरणपोळ्या, फोटो ओळखणारे म्हातारे, आणि कुटुंबासकट आलेला सीट-कव्हरवाला. देव मानावा की मानू नये, ते ज्याचं त्याने ठरवावं, त्यात आपण कशाला पडा? पण मंडळी, कुणी तुम्हाला म्हणालं की बघा पण हात लावू नका, माना पण विचारू नका, तर आधी हात लावा आणि मग विचारा. खऱ्या देवाला त्याने काही होत नाही, आणि खोट्याचं पितळ लगेच उघडं पडतं.