शनिवारचं कन्फ्यूजन

होली विज्डम ज्युनियर कॉलेजच्या फास्ट बॅचमध्ये दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात उरकत असे, आणि तो उरकायची युक्ती अगदी सोपी होती: कुणीच काही विचारत नसे. गणिताचे फादर सायमन आढाव फळा भरायचे, वळायचे आणि विचारायचे, “क्लिअर?” सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, “येस, फादर!” मग फादर खुशीत फळा पुसायचे. इतकी हुशार पोरं आपल्या वाट्याला आली म्हणून ते चर्चमध्ये देवाचे आभारही मानत असावेत.

या सुरात विशाखाचाही आवाज असे. ती लासूर स्टेशनच्या मराठी शाळेतून तालुक्यात पहिली येऊन इथे आली होती आणि कॉलेजच्याच होस्टेलवर राहत होती. पहिल्या आठवड्यात तिला समजलं. दुसऱ्या आठवड्यात समजल्यासारखं वाटलं. त्यानंतर सगळं डोक्यावरून जायला लागलं, पण ‘येस, फादर’ मात्र ती खणखणीत म्हणायची. नाही म्हणायची सोयच नव्हती. गोकुळ नावाच्या मुलाने एकदा ‘नो, फादर’ म्हटलं होतं आणि पुढच्याच आठवड्यात तो साध्या तुकडीत दिसला होता. बदली त्याने स्वतःहून मागितली होती, पण एवढ्या बारीक चौकशा कोण करतो? वर्गाने घ्यायचा तो धडा घेतला.

विशाखाला साध्या तुकडीची लाज नव्हती. तिला धास्ती होती ती पप्पांची. तिचे वडील बन्सी लासूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते, आणि काट्यावर गोणी चढवता चढवता समोरच्या प्रत्येकाला सांगायचे, “आमची विशाखा दोन वर्षांचं एका वर्षात करती.” रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

“आज काय शिकली?”

“डेरिव्हेटिव्ह, पप्पा.” आणि ती पुस्तकातली व्याख्या धडाधड म्हणून दाखवायची.

“व्हय व्हय. समजतंय ना समदं?”

“व्हय, पप्पा.”

म्हणजे दिवसभर एका फादरला येस आणि संध्याकाळी दुसऱ्याला व्हय. पोरगी दोन्ही बाजूंनी अडकली होती.

अशात एका शुक्रवारी सिस्टर फिलोमिनांनी प्रार्थनेच्या वेळी माइकवरून सूचना दिली. माइक घसा बसल्यासारखा होता आणि सिस्टरचं इंग्रजी केरळचं. विशाखाच्या कानावर आलं ते असं: “कन्फ्यूजन, सॅटरडे, फोर टू फाइव्ह, इन द चर्च. फादर सायमन विल सिट.”

तिचा जीव भांड्यात पडला. ज्यांना कन्फ्यूजन आहे त्यांच्यासाठी फादर एक तास वेगळे बसतात, तेही वर्गाबाहेर! आणि आपल्याला हे आत्ता कळतंय!

शनिवारी चार वाजता ती गणिताची वही घेऊन चर्चमध्ये हजर झाली. रांगेत पुढे दोन म्हाताऱ्या होत्या. या वयात गणित शिकतात म्हणून विशाखाला त्यांचं भारी कौतुक वाटलं. नंबर आल्यावर ती कोपऱ्यातल्या लाकडी खोपटात शिरली. आत अंधार होता आणि मध्ये जाळीची खिडकी होती. लाजऱ्या पोरांसाठी किती छान सोय, असं तिला वाटलं. म्हाताऱ्या गुडघे टेकत होत्या म्हणून तिनेही टेकले.

जाळीपलीकडून फादरनी हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, शेवटचं कन्फेशन कधी झालं?

“काल, फादर. तिसऱ्या तासाला,” विशाखा इंग्रजीत म्हणाली.

“आणि त्याच्या आधी?”

“दुसऱ्या तासाला, फादर.”

मग फादर चक्क मराठीत म्हणाले, “बाळ, तू कॅथलिक आहेस का?”

“नाही, फादर. आम्ही बौद्ध.”

“मग इथं कशी आलीस?”

“सिस्टर म्हणाल्या ना, चार ते पाच कन्फ्यूजन. मला लई कन्फ्यूजन आहे, फादर.”

खोपटं एकदम करकरायला लागलं. पलीकडे कुणीतरी हसू दाबत होतं आणि ते जमत नव्हतं. बाहेरच्या एका म्हातारीने मोठ्याने घसा खाकरला. फादरनी स्वतःला सावरून इथे काय चालतं ते समजावून सांगितलं: इथे अभ्यास नव्हे, माणसं आपली पापं सांगतात. विशाखाच्या तोंडचं पाणी पळालं. ती उठायला लागली आणि पुन्हा खाली बसली.

“मग एक पाप पण आहे, फादर. तुम्ही ‘क्लिअर?’ विचारता ना, तेव्हा मी येस म्हणते. मला काहीच क्लिअर नसतं. जुलैपासून. खोटं बोलणं पाप आहे ना?”

“आहे.”

“तुमच्यात का आमच्यात?”

“दोन्हींकडं.”

ते तर खरंच होतं. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलापाशी तिची जीभ हल्ली अडखळायची. तिला रडू यायला लागलं.

“मला साध्या तुकडीत टाकू नका, फादर. पप्पांनी सगळ्या मोंढ्यात सांगितलंय.”

फादरचं हसू कुठल्या कुठे गेलं. ते म्हणाले, “तुझी काळजी वेगळीच, पण माझी पंचाईत ऐक. इथं ऐकलेलं मला बाहेर वापरता येत नाही. तू कॅथलिक नसलीस तरी ही जागा तीच आहे. सोमवारी वर्गात मी विचारीन, ‘क्लिअर?’, आणि मला काहीच ठाऊक नसल्यासारखा फळा पुसावा लागेल. ते थांबवणं माझ्या हातात नाही. तुझ्या आहे.”

सोमवारी फादरनी फळा भरला, वळले आणि म्हणाले, “क्लिअर?”

“येस, फादर!” वर्ग म्हणाला.

“नो, फादर,” विशाखा म्हणाली.

तिचा आवाज सगळ्यांच्या मागून आला आणि एकटाच उरला. सगळ्या माना वळल्या. विशाखा उभी राहिली. फादरनी भुवया अशा उंचावल्या की जणू जन्मात पहिल्यांदाच ऐकत असावेत. नाटक उत्तम होतं, फक्त कान लाल झाले होते.

“कुठल्या पायरीपासून?”

“पहिल्या, फादर. जुलैमधल्या. लई कन्फ्यूजन आहे.”

कुणीच हसलं नाही. मग पहिल्या बाकावरून एक हात वर गेला. गुलमंडीतल्या कापड दुकानदाराचा इंद्रजीत, ज्याचं ‘येस’ रोज सगळ्यांत मोठं असायचं. “मी टू, फादर,” तो म्हणाला. त्याच्यामागे सायलीचा हात गेला, मग अभयचा, मग हात मोजण्यात काही अर्थ उरला नाही.

फादरनी सगळा फळा पुसला आणि मधोमध एकच शब्द लिहिला: लिमिट. त्या तासाला फळा अर्धासुद्धा भरला नाही, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी मोठ्या हौसेने ‘नो, फादर’ म्हणत होतं. साध्या तुकडीत कुणी गेलं नाही. गेलं असतं तर अख्खी फास्ट बॅच गेली असती. दुपारी नोटीसबोर्डावर सिस्टर फिलोमिनांच्या अक्षरात दोन ओळी दिसल्या: शनिवारी चार ते पाच कन्फेशन, पाच ते सहा कन्फ्यूजन.

संध्याकाळी फोन वाजला.

“आज काय शिकली?”

विशाखाने डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. जुलैपासूनचं, रोजचं, खोट्या ‘व्हय’चं. पलीकडे मोंढ्यातला गलका तेवढा ऐकू येत होता.

“मग मी बी एक सांगतो,” बन्सी म्हणाले. “तू रोज ते इंग्रजी म्हणून दाखवायची ना, मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी आपला व्हय व्हय करायचो.”

“मग विचारायचं ना, पप्पा!”

“म्हटलं, पोरीला वाटंल, बाप अडाणी.”

विशाखा होस्टेलच्या पायरीवर बसली. तिला हसू येत होतं. ओढणीने डोळे पुसत ती म्हणाली, “ऐका मग. लिमिट म्हणजे काय, काट्याच्या पारड्यात तुम्ही थोडं थोडं टाकत जाता आणि काटा मधोमध येत जातो ना...”

“थांब थांब,” बन्सी म्हणाले. “नाय समजलं. परत सांग.”